दीड इंच, बाहेरून

अंबादास वानखडेला या सगळ्या खटाटोपातून मिळायचा होता तो मोजून एक कान. उजवा. डावा आधीच गेला होता. लष्करी मोटारींच्या फॅक्टरीच्या लोहारखान्यात मोठा हातोडा त्याच्या डाव्या अंगाला होता. चौदा वर्षांत त्या बाजूचा कान संपला, आणि पुढच्या तीन वर्षांत उजव्यानेही कुरकुर सुरू केली. फॅक्टरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कानाशी टिकटिकणारं घड्याळ धरून पाहिलं, मग मागे मागे सरकत पाहिलं, आणि म्हणाले, "आणखी दोन वर्षं हातोड्यापाशी काढली तर बायको काय बोलते तेही ऐकू येणार नाही."

कंपाउंडर हसून म्हणाला, "कितने ही लोग तो इसके लिए तरसते हैं, वानखडेजी."

अंबादास हसला नाही. रांझी वस्तीतल्या त्याच्या दोन खोल्यांत रेडिओ नव्हता. इंदू होती. शेजाऱ्यांपासून सुपरिंटेंडेंटपर्यंत सगळ्यांची नक्कल करत ती जेवण वाढायची, आणि त्यातली प्रत्येक ओळ त्याला ऐकायची होती.

कान वाचवायची जागा फॅक्टरीत एकच होती, नवीन टेस्ट हाउस. तिथे इंजिन काचेपलीकडे बाकावर बांधून चालवायचं आणि माणसाने काचेअलीकडे बसून काटे वाचायचे. जागा एक, अर्ज बारा. अकरा अर्जांना कोणाची ना कोणाची शिफारशीची चिठ्ठी टोचलेली होती. बारावा कागद नुसताच होता. तो अंबादासचा.

टेस्ट हाउसचे फोरमन चंद्रशेखर पाठक चिठ्ठ्यांना कंटाळलेले गृहस्थ होते. त्यांनी अंबादासला बोलावून घेतलं आणि त्याच्या उजव्या बाजूला उभे राहून विचारलं, "इंजिनचं काय येतं तुला?"

"खरं सांगू साहेब? लोखंडाचं येते. इंजिनचं शिकीन."

"एकवीस नोव्हेंबरला बरगीच्या पुढच्या घाटात मोटारींची चढाई आहे. त्या भय्यासाहेबांची जुनी मॉरिस त्यात आहे. तिचे धुराचे नळे तू कर. गाडी पहिली आली तर ये माझ्याकडे, चिठ्ठी नको. नाही आली तर हातोडा आहेच."

नळेच का, हे पाठकांनी सांगितलं नाही, पण त्यांचा हिशेब सरळ होता. स्क्रू कोणीही पिळतो. इंजिन श्वास कसा सोडतं हे ज्याला कळलं त्याला इंजिन कळलं. मॉरिसमध्ये चारी सिलेंडरांचा धूर बिडाच्या एका आखूड खोक्यात कोंबलेला होता. ते खोकं काढून चार भोकांना चार वेगळे नळे लावायचे, सारख्या लांबीचे, आणि पुढे ते एकात आणून सोडायचे. प्रश्न एवढाच की नळा केवढ्या मापाचा.

पाठकांनी टेबलाच्या खणातून एक तक्ता काढून वाचला. "दीड लिटरचं इंजिन, चार सिलेंडर, घाटाची मधली चाल. दीड इंच."

"दीड," अंबादास म्हणाला, आणि ते डोक्यात पक्कं ठोकून बाहेर पडला.

भय्यासाहेब देशकर लाकडाच्या डेपोचे मालक. गाडीवर त्यांचा जीव होता, आणि गाडीपेक्षा गाडीकडे पाहणाऱ्या लोकांवर जास्त होता. डेपोच्या शेडमध्ये मॉरिसच्या टपावर हात ठेवून ते म्हणाले, "दोन इंची टाक अंबादास. सदर बाजारातल्या त्या ठेकेदाराने दोन इंची टाकले आहेत. काय आवाज आहे! पब्लिकने मागे वळून पाहिलं पाहिजे."

"पाहतील ना भय्यासाहेब. गाडी मागेच राहीन तर मागेच पाहतील."

"काहून राहील मागे?"

"भात्याचं तोंड मोठं केलं तर काय होते? हवा तेवढीच येते, पण रेंगाळत येते. कोळसा फुलत नाही. धुराचंही तसंच आहे. नळा बेताचा असला की धूर पळते, आणि पळता पळता मागच्या धुराला ओढून नेते. सिलेंडर साफ होते. नळा मोठा केला की तोच धूर बागेत फिरायला आल्यासारखा चालते."

"मग बारीकच कर ना, एक इंची."

"मग कोंडते. सपाट रोडवर इंजिन पुरं पळवायचं असतं तर मी पण मोठा टाकला असता. घाटात इंजिन पुरं पळतच नाही. तिथं मधल्या चालीत दम पाहिजे. दीड."

"अच्छा, दीड तर दीड," भय्यासाहेब म्हणाले, पण दोन इंचांची आस त्यांच्या चेहऱ्यावरून गेली नाही.

त्यांनी ओमती भागातल्या लोखंडाच्या दुकानातून दीड इंची पाइप मागवला. शेडमध्ये तो आला तेव्हा अंबादासने हातात घेतला आणि त्याला तो जाड वाटला. ही वेळ थांबायची होती. पण सतरा वर्षांत त्याने पोकळ वस्तूला हात लावला नव्हता. सळ्या, गज, ठोकळे, सगळं भरीव. त्याने स्वतःची समजूत घातली की पोकळ चीज हाताला अशीच लागत असेल. मोजायचं कॅलिपर फॅक्टरीत होतं, आणि फॅक्टरीतून साधा खिळाही बाहेर न्यायची सोय नव्हती. सरहद्दीवरच्या बातम्या जशा तापत होत्या तशी गेटवरची झडती कडक होत होती. शिवाय गजावर दीड लिहिलेलं असलं की तो दीडच असतो, हे त्याला आपल्या नावासारखं ठाऊक होतं.

कामाला जोडीदार म्हणून गुणवंत आला. लोहारखान्यात तो अंबादासचा मदतनीस, तिशीतला, दोन लेकरांचा बाप, आणि हातोड्यापेक्षा तोंड जास्त चालवणारा. दोघे ड्यूटी सुटल्यावर ऊन असेपर्यंत डेपोत राबायचे. पोकळ पाइप तापवून वाकवला तर चेपतो, म्हणून तो आधी वाळूने ठासून भरावा लागतो. ग्वारीघाटची नदीची वाळू इंदू तव्यावर भाजून कोरडी करून द्यायची. ओली राहिली तर तापल्यावर फुटते.

"चपात्यांपेक्षा वाळू जास्त भाजली या महिन्यात," ती म्हणाली. "आणि तुमचे हे नळे खातात किती! काल दिलेली पुरली नाही म्हणता?"

"ठासून भरून राहिलो ना, म्हणून," अंबादास म्हणाला.

"वहिनी," गुणवंत म्हणाला, "दादांचे नळे आहेत. दादांसारखेच जेवतात."

चार नळे झाले. लांबी दोरीने मोजून सारखी केली, तोंडं जोडली, मॉरिसला बसवली. पहिल्या रविवारी सगळे बरगीच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी गेले. खाली घड्याळ गुणवंतकडे. वर माथ्यावर झेंडी घेऊन डेपोचा एक माणूस. भय्यासाहेब गाडीवर, बाजूला अंबादास. त्याने स्क्रू पिळायच्या लांब पेचकसाचं टोक डॅशबोर्डाखाली लोखंडाला टेकवलं आणि मूठ दातात धरली. कानाने इंजिन ऐकू येत नसेल तर दाताने ऐकायचं, हे त्याने स्वतःच शोधून काढलं होतं.

पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. दुसऱ्या वळणावर, जिथे चढ अचानक उभा होतो, गाडी दमली. दातातला थरकाप विरळ झाला, इंजिन गुदमरल्यासारखं ढकलत राहिलं, आणि भय्यासाहेबांना पहिला गिअर टाकावा लागला. गाडी वर पोचली ती बैलगाडीचा मान राखून. तीन मिनिटं एक्केचाळीस सेकंद. ठेकेदाराने आदल्या आठवड्यात तीन सत्तावीस काढले होते, हे साऱ्या सदरला माहीत होतं.

"तुझं दीड झालं," भय्यासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं आणि किंचित आनंदही होता. "आता दोन. मी उद्याच पाइप मागवतो."

"तीन दिवस द्या."

"काय करशील तीन दिवसांत?"

"माहीत नाही," अंबादास म्हणाला. "पण दोन नाही."

परतीच्या वाटेवर त्याने उत्तर शोधलं नाही, हिशेब केला. तक्ता खोटा असेल? पाठक चुकीचं वाचणारे नव्हते. भात्याची गोष्ट खोटी असेल? ती तर रोज डोळ्यांपुढे होती. आणि गाडी दमली होती ती अगदी मोठ्या नळ्याने दमावी तशी. रेंगाळली होती. दीडच्या नळ्यात धूर रेंगाळतो कसा?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने नळे उतरवून त्यातल्या एकाचं शेपूट कापलं. काजळ जाळून आत पाहता यावं म्हणून ते तापवायला गुणवंतने बापाचे सांडस आणले. हे लोहाराचे लांब दांड्यांचे चिमटे. प्रत्येक मापाच्या गजाला वेगळा, त्याच मापाचं तोंड ठोकून केलेला. गुणवंतने दीडचा सांडस उचलला आणि तुकड्याला लावला. तोंड मिटेना.

"दादा, हा बसून नाही राहिला."

"दाब."

"दाबून पाहिला ना. पावणेदोनचा घेतो." पावणेदोनचाही बसला नाही. मग दोनचा घेतला. दोनच्या तोंडात तुकडा किंचित हलत बसला. "दोनाला एक सूत कमी आहे हा," गुणवंत म्हणाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. लोहारखान्यात एका सुतावरून शिव्या पडतात.

अंबादासने तुकड्याच्या आत बोट घातलं. आत साधारण दीड होतं, थोडं जास्तच.

"अबे," तो म्हणाला. "हे पाण्याचे पाइप आतून मोजतात."

"आतून?"

"पाण्याला आतूनच जायचं ना! नळवाल्याला बाहेरचं काय करायचं? आणि पाठकसाहेबांचा दीड बाहेरून आहे, पातळ पत्र्याच्या ट्यूबचा. आपल्या गजाला आतच नसते, म्हणून आपण कधी विचारलंच नाही. पाइप हातात आला तेव्हाच जाड लागला होता मला. मी मोजला नाही."

गुणवंत हसायला लागला तो थांबेचना. "म्हणजे आपण भय्यासाहेबांची इच्छा पुरी केली! दोन इंचीच बसवला की!"

"एक सूत कमी," अंबादास म्हणाला.

चूक कोणाची हे ठरवायला वेळ लागला नाही. दुकानदाराने मागितलं ते दिलं होतं, पाठकांनी लिहिलेलं वाचलं होतं. चूक लोहाराची होती. अंबादास तडक भय्यासाहेबांकडे गेला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, "चूक माझी आहे. गाडी दमली ती मोठ्या नळ्याने. आता खरा दीड आणतो."

"आणि तो कुठून आणशील?"

हा प्रश्न बरोबर होता. बाहेरून दीड, पातळ पत्र्याची ट्यूब फॅक्टरीत ढिगाने होती, आणि ती आपली नव्हती. गुणवंत म्हणाला की धोतराखाली चार फूट सहज जाईल. अंबादासने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने विषय धोतरासकट सोडून दिला. ओमतीच्या दुकानांत ट्यूब नव्हती. कबाड्याकडे सायकलींचे सांगाडे होते, ते फार बारीक.

तेव्हा अंबादास दीडचा सांडस हातात घेऊन घरातल्या पोकळ लोखंडाला लावत फिरला. खुर्चीचा पाय, नाही. सायकलचा दांडा, नाही. पाणी तापवायच्या बंबाची नळी, नाही. इंदू कणीक मळत पाहत होती.

"काय चावून राहिले तुम्ही घरभर?"

तो आतल्या खोलीत गेला. खट् असा आवाज आला. मग काहीच आवाज नाही.

इंदू पिठाच्या हातांनी दारात आली. सांडस तिच्या पलंगाच्या उशालगतच्या कमानीवर बसला होता. अगदी घट्ट, न हलता. लोखंडी नळ्यांचा, हिरव्या रंगाचा पलंग. तिच्या भावाने अमरावतीहून रेल्वेने पाठवलेला. घरात तिचं म्हणून जे काही होतं त्यातली ती सगळ्यात मोठी वस्तू होती.

अंबादासने सांडस काढला नाही.

"किती लागते?" इंदूने विचारलं.

"उशाची कमान आणि पायथ्याची. दोन्ही."

"मग पलंग कशाचा राहिला?"

"फळ्या राहतात."

इंदूने हाताचं पीठ चोळून काढलं. मग ती त्याच्या डाव्या बाजूला गेली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. अंबादासने वळून विचारलं, "काय म्हटलं?"

"हेच पाहत होते," ती म्हणाली. "कापा. पण रंग बाहेर जाळा. घरात हिरवा धूर नको मला."

खरे नळे चार दिवसांत झाले. वाळू पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी कमी लागली आणि इंदूने ते बोलून दाखवलं. पातळ पत्रा वाकवताना हात हलका ठेवावा लागतो. एक नळा चेपला, तो अंबादासने टाकून दिला आणि पलंगाच्या बाजूच्या दांडीतून नवा काढला. इंदूला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "फळ्या तरी ठेवा."

भय्यासाहेबांनी नळे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "पलंगाचे? सदरच्या लोकांना कळलं तर म्हणतील, भय्यासाहेब घाटात झोपायला चालले."

"झोपूनच आले होते ना मागच्या रविवारी," गुणवंत पुटपुटला. अंबादासच्या डाव्या बाजूला होता म्हणून वाचला.

"एकदा चढवून पाहा," अंबादास म्हणाला. "दमली तर मी स्वतः दोन इंची बसवून देतो, आणि पाठकसाहेबांना सांगतो की मला काही येत नाही."

"आणि तुझ्या बदलीचं?"

"ती मग मागत नाही."

इतकं स्वतःवर घेणाऱ्या माणसाशी भय्यासाहेबांना वाद घालता येईना. त्यांनी चढवून पाहिली. तीन मिनिटं बावीस. त्या दिवसापासून ते पलंगाचा उल्लेख "आमची खास ट्यूब" असा करू लागले.

एकवीस नोव्हेंबरला घाटात पाऊणशे माणसं जमली होती. सात गाड्या होत्या. ठेकेदाराच्या गाडीचा आवाज असा होता की लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती वर पोचली तीन चोवीसला. अंबादास पायथ्याशी थांबला नाही, माथ्यावरही गेला नाही. तो दुसऱ्या वळणावर, रस्त्याच्या आतल्या बाजूला दगडावर उभा राहिला. गाडी मरायची असेल तर इथेच मरणार होती.

मॉरिस आली. तिचा आवाज त्याला नीट ऐकू आला नाही, आणि त्याने ऐकायचा प्रयत्नही केला नाही. तो भय्यासाहेबांचा डावा हात पाहत होता. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खाली होती. हात चाकावरून सुटून तिकडे गेला की बदली गेली. उभा चढ सुरू झाला. गाडीची चाल कमी झाली, आणखी कमी झाली. भय्यासाहेबांची बोटं चाकावर उघडली आणि पुन्हा मिटली. हात चाकावरच राहिला. दुसरा गिअर न सोडता मॉरिसने वळण पोटाशी ओढून घेतलं आणि धुळीत दिसेनाशी झाली.

माथ्यावरून झेंडी हलली. गुणवंत खालून पळत वर आला. त्याला धाप लागली होती, तरी तो अंबादासच्या उजव्या बाजूला जाऊन ओरडला, "तीन एकोणीस! दादा, तीन एकोणीस!"

मॉरिस पहिली आली, आणि पाठकांनी शब्द पाळला. बदलीचा कागद एक डिसेंबरला निघाला. तीन तारखेला, शुक्रवारी, एकाहत्तरची लढाई सुरू झाली, आणि शनिवारी सगळ्या सुट्ट्या रद्द होऊन लोहारखाना दोन पाळ्यांत गेला. सुपरिंटेंडेंट म्हणाले की हातोड्यावरचा माणूस आता हलवता येणार नाही. पाठक म्हणाले की इंजिनंही दुप्पट तपासायची आहेत आणि कागदावर सही झालेली आहे. दोघांचं खरं होतं. अखेर अंबादासला बोलावून विचारलं, तुझ्या जागी कोण उभा राहू शकतो?

अंबादासखेरीज हातोड्याची नस कळलेला माणूस एकच होता, आणि ते तिघांनाही माहीत होतं. नाव अंबादासने घेतलं नाही, पण "कोणी नाही" असंही म्हणाला नाही.

गुणवंतला वरचा ग्रेड मिळाला. तो खुश होता. "दादा, तुम्ही काचेमागे, मी राजगादीवर," तो म्हणाला. अंबादासने त्याला मेण आणि कापूस आणून दिला आणि कानात कसा बसवायचा ते दाखवलं. दोन दिवसांनी गुणवंतने तो काढून टाकला, कारण हातोड्यावाल्याला इशारा ऐकू यावा लागतो. लढाई चौदा दिवसांत संपली. दुसरी पाळी बंद झाली, पण हातोडा गुणवंतकडेच राहिला. अंबादासने त्याला दर सहा महिन्यांनी पाळीने हलवावं म्हणून तीन अर्ज केले, स्वतःच्या सहीने, चिठ्ठीशिवाय. तिन्ही फायलीत गेले.

हा घाट कोणाला केवढ्याला पडला ते असं. भय्यासाहेबांना एक चांदीचा कप मिळाला, त्यांचं काही गेलं नाही. पाठकांना कामाचा माणूस मिळाला, त्यांचंही काही गेलं नाही. इंदू दोन पावसाळे फळ्या जमिनीवर टाकून झोपली. अंबादासचा उजवा कान चौऱ्याहत्तर सालच्या तपासणीत जसाच्या तसा निघाला. त्याच दिवशी, त्याच बाकावर, त्याच्यानंतरचा नंबर गुणवंतचा होता. डॉक्टरांनी त्याच्या डाव्या कानाशी घड्याळ धरलं, आणि तो डॉक्टरांकडे पाहत वाट बघत राहिला की हे घड्याळ कधी लावतात.